एका मिनिटाची उकळी

मित्रांनो, माझ्या आतल्या बाजूला, बुडाशी एक काळपट डाग आहे. सोडा झाला, लिंबू झालं, तारेची घासणी झाली, तो काही हलायला तयार नाही. मी एक जुना, जाड बुडाचा, लांब दांड्याचा टोप आहे. दिसायला चारचौघांसारखा. दूध तापवावं, अंडी उकडावीत, फार तर चहाला आधण ठेवावं, एवढीच माझ्यासारख्याची पायरी. पण एका घरातली एक गोष्ट मी सव्वीस वर्षं पोटात घेऊन बसलो होतो. आता ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक झाली आहे, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती, तिच्यावर यंत्राचा एक दणका, आणि मला पोट आलं. मग एका बाईंनी मला फिरत्या चाकावर धरून इतकं चकचकीत केलं, की त्यांना माझ्यात स्वतःचं तोंड दिसू लागलं. शेवटी दांडा बसला, त्याला तीन खिळे ठोकले गेले. दांडा लांब होता. दुकानदार गिऱ्हाइकांना तेच कौतुकानं सांगायचा, की हा टोप धरायला सोपा, हात भाजायची भीती नाही. ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

मला विकत घेतलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत शिलाई मशीन होती, मागे स्वयंपाकघर. घरचे बाबा ट्रक चालवायचे. आठ-आठ दिवस बाहेर, मग दोन दिवस घरी. दोन मुली. मोठीला सगळे ताई म्हणायचे. ती नऊ वर्षांची होती, पण वागायला एकोणीस वर्षांची. सांगितलेलं काम खाली पडू द्यायची नाही. धाकटी चार वर्षांची, गोल चेहऱ्याची, कुठेही घरंगळत जाणारी. आईनं तिचं नाव बटण ठेवलं होतं, कारण ती दिवसातून दहा वेळा हरवायची आणि दहा वेळा मशीनखाली सापडायची.

त्या घरात बिस्किटं भाजायचा ओव्हन नव्हता. पण ओट्सच्या पुड्यावर मागे एक कृती छापलेली होती, न भाजता करायच्या चॉकलेटच्या बिस्किटांची. आईनं ती एकदा करून पाहिली आणि मग ती घराची रीतच झाली. बाबा परत यायचे त्या दिवशी दुपारी मला शेगडीवर चढवलं जाई. माझ्यात लोणी, साखर, दूध आणि कोको पडे. आई ढवळत राही. कडेनं बुडबुडे येत, मग मधोमध, आणि मग सगळं रटरटू लागे. इथून पुढे बरोबर एक मिनिट मोजायचं. कमी उकळलं तर बिस्किटं जमत नाहीत, बोटाला चिकटून बसतात. जास्त उकळलं तर वाळूसारखी फुटतात. साठ झाले की गॅस बंद. मग चिमूटभर मीठ, शेंगदाण्याचं लोणी, तीन वाट्या ओट्स. भराभर हलवून चमच्यानं कागदावर गोळे टाकायचे. अर्ध्या तासात ते घट्ट होत.

मोजायचं काम ताईचं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती मोठ्यांदा आकडे म्हणायची. बटणचं काम चमचा चाटायचं, आणि तेही ती जबाबदारीनं पार पाडायची. बाबा आले की पायातले बूट काढायच्या आधी एक गोळा तोंडात टाकत आणि म्हणत, "आज मोजणीत एकाही सेकंदाची चूक नाही." ताईचा चेहरा असा उजळे, की मला माझी पहिली चकाकी आठवायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

आता त्या दुपारचं सांगतो.

आईची फार घाई चालली होती. ज्यांनी पडदे शिवायला दिले होते त्या बाई ते न्यायला आल्या होत्या आणि शेवटच्या पडद्याची किनार अजून व्हायची होती. संध्याकाळी बाबा येणार होते. आईनं एकीकडे मशीन चालवत, एकीकडे मला शेगडीवर ठेवलं. शेगडीचे चारातले दोनच बर्नर चालायचे, मागचा मोठा आणि पुढचा लहान. मी मागच्या बर्नरवर होतो आणि माझा दांडा भिंतीकडे होता. ताई स्टुलावर उभी राहून ढवळत होती.

मला उकळी आली तशी आई आत आली. पडद्यांच्या बाईंना चहा करून द्यावा, म्हणजे त्या जरा दम धरतील, असं तिच्या मनात होतं. चहाला मोठा जाळ हवा. तिनं मला उचलून पुढच्या लहान बर्नरवर ठेवलं आणि मागे चहाचं भांडं चढवलं. ताईला म्हणाली, "आता मोज. घड्याळावरची नजर हलवू नकोस." आणि ती पुन्हा मशीनकडे धावली.

माझा दांडा ओट्याच्या बाहेर आला होता, ओट्याएवढ्या उंचीच्या माणसाला धरता येईल असा.

ताई मोजत होती. तिची नजर घड्याळावर होती, कारण तिला तसंच सांगितलं होतं. बटण कधी आत आली ते तिला कळलं नाही. मला कळलं. माझ्या दांड्यावर एक छोटी, गरम, चिकट मूठ बसली. तिला फक्त आत डोकावायचं होतं. ताई 'एकेचाळीस' म्हणाली आणि मी कलंडलो.

पुढचं मी फार सांगणार नाही. उकळत्या साखरेची धग पाण्यापेक्षा वाईट, ती अंगाला धरून बसते. बटणचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. आई धावत आली, तिनं मुलीला उचलून नळाखाली धरलं, आणि ओरडली, "दांडा बाहेर कोणी ठेवला?"

ताई स्टुलावर तशीच उभी होती. तिच्या ओठांवरून आकडे अजून चालल्यासारखे वाटत होते, पण आवाज नव्हता. पडद्यांच्या बाई दारात आल्या. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, मग ताईकडे. एवढंच झालं. कोणी बोट दाखवलं नाही, पण घरात ठरून गेलं. दवाखान्यातून शेजारी घरी आले, आत्याला निरोप गेला, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य होतं, की मोठीनं दांडा बाहेर ठेवला. आईनं आधी डॉक्टरांना तसं सांगितलं होतं, मग बाबांना. तेव्हा तिलाही ते खरंच वाटत होतं. हे मी तिच्या बाजूनं सांगतो, कारण मी पाहिलं आहे.

दिवेलागणीला ती एकटी कपडे न्यायला घरी आली. मी मोरीत पडलो होतो, आत कोको दगडासारखा सुकला होता. शेगडी कोणीतरी घाईघाईत बंद केली होती. मागच्या बर्नरवर चहाचं भांडं होतं, चहा थंडगार, वर साय धरलेली. आई फडकं घेऊन ओटा पुसायला गेली आणि त्या भांड्यासमोर थांबली. तिनं त्याला हात लावला. मग मोकळ्या पुढच्या बर्नरला लावला. मग स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली.

तिला कळलं. मला वाटलं, आता ही धावत दवाखान्यात जाईल आणि सांगेल. तिनं चहा मोरीत ओतला, भांडं विसळून पालथं घातलं, कपडे पिशवीत भरले आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, खोटं बोलायला एकच क्षण लागतो. ते परत घ्यायचं म्हटलं तर रोज सकाळी नव्यानं धीर करावा लागतो, आणि रोज तो थोडा थोडा कमी पडतो. आईचं तसंच झालं. पहिले काही दिवस बटणच्या दुखण्यात गेले. मग बाबांचा राग निवला, आता कशाला पुन्हा उकरायचं, असं झालं. मग ताई काही बोलतच नाही, म्हणजे विसरली असेल, असं आईनं स्वतःला समजावलं.

बाबांनी मला भंगारात टाकायला सांगितलं. आई हो म्हणाली, आणि तिनं मला पुढच्या खोलीत, मशीनच्या वरच्या फळीवर चिंध्यांच्या गाठोड्यामागे ठेवलं. का ठेवलं ते तिलाही सांगता आलं नसतं. उन्हाच्या दुपारी छपराचा पत्रा तापला की माझ्या डागातून कोकोचा वास सुटायचा. आईचा पाय मशीनवर थांबायचा. ती उठून आत जायची, शेगडी बंद आहे ना ते बघायची, परत यायची, आणि सुईत दोरा ओवायला तिला खूप वेळ लागायचा.

बटणला लहानपणी आई पूर्ण बाह्यांचेच फ्रॉक शिवायची, भर उन्हाळ्यातही. तेरा वर्षांची झाल्यावर बटणनं एके दिवशी आईचीच कात्री घेतली आणि आपल्या सगळ्या बाह्या कापून टाकल्या. तिला त्या दुपारचं काही आठवत नव्हतं. हातावरचा व्रण हा तिला नाकासारखाच, आपलाच एक भाग वाटायचा. ती पोहायला शिकली आणि पुढे मुलांना पोहायला शिकवू लागली.

ताईला मात्र सगळं आठवत होतं, आणि जे घडलं नव्हतं तेही. मी फळीवरून तिला ऐकायचो. ती कधी कधी आईला मदत करताना टाके मोजायची आणि एकेचाळीसवर अडखळायची. शेगडी पेटलेली असेल तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. बाबा घरी आले की थट्टेनं विचारायचे, "काय ताईसाहेब, दांडा आत आहे ना?" ते वाईट नव्हते हो. त्यांना वाटायचं, हसण्यावारी नेलं की मुलीच्या मनावरचं ओझं उतरेल. ताई हसायची. आई मान खाली घालून काजं करत राहायची.

ताईनं चष्म्याच्या दुकानात काम धरलं. भिंगं घासायचं नाजूक काम, त्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण राहायची एकटी, एका खोलीत. तिथे शेगडी नव्हती. खानावळीचा डबा आणि पाणी तापवायची किटली, एवढ्यावर तिचं चालायचं. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, घर सांभाळणं आपल्याला जमणार नाही.

बाबा आजारी पडले तेव्हा त्यांची खाट पुढच्या खोलीत, माझ्या फळीखालीच टाकली होती. शेवटच्या दिवसांत त्यांनी ताईला जवळ बोलावलं. तिचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "पोरी, मी तुला कधीच माफ केलंय. तू आता ते मनात धरू नकोस." आई पायाशी बसून त्यांचे पाय चेपत होती. तिचे हात थांबले. तिचं तोंड उघडल्यासारखं झालं. मी वाट पाहिली. मग ते हात पुन्हा चेपू लागले. तीन दिवसांनी बाबा गेले.

मला वाटलं, आता हे कायमचं राहिलं. चोर सापडत नाही तोवर घरातला प्रत्येक आवाज पावलांचा वाटतो म्हणतात. त्या घरातला चोर मला ठाऊक होता, त्याच घरात मशीन चालवत होता, आणि तरी प्रत्येक आवाज पावलांचा होता.

बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. एका रविवारी दुपारी दोघी मुली घरी आल्या होत्या. बटणची चार वर्षांची मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणायचे. बटणला पोहण्याच्या मुलांना घेऊन दोन दिवस परगावी जायचं होतं. नवऱ्याची पाळी रात्रीची, आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बटणनं ताईला विचारलं, मुंगीला दोन दिवस ठेवशील का. ताई नाही म्हणाली. बटणला वाटलं ती थट्टा करते आहे. मग तिचा आवाज चढला. माझी पोर तुला नकोशी आहे का, असं ती म्हणाली.

"नकोशी नाही गं," ताई म्हणाली. "माझ्यावर सोपवू नकोस. माझं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही. तुझ्या हाताकडे बघ ना एकदा."

सव्वीस वर्षांत त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. बटणनं मुंगीला उचललं आणि ती निघून गेली. ताईही चपला शोधू लागली.

आई बंद मशीनपाशी बसून होती. ती म्हणाली, "जाऊ नकोस. मला तो वरचा टोप काढून दे."

ताईनं मला काढलं तेव्हा तिला मी ओळखू आलो. मला हातात घेऊन ती इतकी पांढरी पडली, की मला वाटलं ती मला टाकून देईल. आईनं मला घेतलं, धुतलं, आणि कपाटातून लोणी, साखर, कोको काढला. ताई उंबऱ्यावर उभी होती. तिला पळायचं होतं आणि पळताही येत नव्हतं. आईनं मला मागच्या बर्नरवर ठेवलं, दांडा भिंतीकडे. शेगडी नवी होती, चारही बर्नर चालू होते, पण तिनं तोच निवडला. ती ढवळत राहिली. मला उकळी आली. मग तिनं मला उचलून पुढच्या बर्नरवर ठेवलं, आणि माझा दांडा ओट्याच्या बाहेर आला.

"असा होता," ती म्हणाली. "चहा ठेवायला मी पुढे घेतला. तू नाही. तू घड्याळाकडे बघत होतीस, मीच सांगितलं होतं तसं. दांडा मी बाहेर काढला, ताई."

मी रटरटत होतो.

मग ताईनं विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

मित्रांनो, आई इथे 'आत्ताच' म्हणू शकली असती. 'म्हातारपणी आठवलं' म्हणाली असती तरी कोणी खोटं पाडलं नसतं. तिच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते पुसायचं भान तिला नव्हतं.

"त्याच दिवशी. दिवेलागणीला."

"बाबा जाताना मला माफ केलं म्हणाले. तू तिथे होतीस."

"होते."

ताई उंबरा ओलांडून आत आली. तिनं हात लांब करून गॅस बंद केला. माझ्यातलं सगळं मिनिटापेक्षा कितीतरी जास्त उकळून कडक झालं होतं. तिनं आईकडे पाहिलं नाही. चपला पायात घातल्या आणि गेली.

पाच महिने ती आली नाही. आईनं त्याच संध्याकाळी बटणला बोलावून सगळं सांगितलं. बटण म्हणाली, "माझं भाजलेलं कधीच बरं झालं गं. तिचं काय करायचं?" दुसऱ्या दिवसापासून आईनं एक काम धरलं. ज्यांना ज्यांना तिनं त्या वेळी ताईचं नाव सांगितलं होतं, त्यांना ती एकेक करून भेटली. आत्याला फोन केला. जुने शेजारी दुसरीकडे राहायला गेले होते, त्यांचा पत्ता काढला. पडद्यांच्या बाई आता थकल्या होत्या, त्यांना काही आठवत नव्हतं, तरी आईनं त्यांना समोर बसून सांगितलं. एक दोघे म्हणाले, अहो आता काय त्याचं. आई म्हणाली, तुम्हाला नसेल, मला आहे. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं, ते राहिलंच.

मग एका दुपारी ताई दारात उभी राहिली. बसली नाही. आईनं बस म्हटलं नाही, तेवढा हक्क आपल्याला उरला आहे का, हे तिला ठाऊक नव्हतं. ताई म्हणाली, टोप दे. आईनं मला कापडात गुंडाळून दिलं.

आता मी ताईच्या खोलीत असतो. तिनं एक छोटी शेगडी घेतली आहे. पहिल्या खेपेला बिस्किटं जमलीच नाहीत. दुसऱ्या खेपेला मुंगी आली होती, एकटी, दोन तासांसाठी. बटण तिला सोडून गेली तेव्हा जिन्यावर तीनदा थांबली, पण परत आली नाही. ताईनं मुंगीला टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि मोजायचं काम दिलं. मुंगीला वीसच्या पुढचे आकडे येत नाहीत. तिनं वीसपर्यंत तीनदा म्हटलं. बिस्किटं जमली.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मुंगी आत धावत आली की ताईचा हात अजूनही आधी माझ्या दांड्याकडे जातो. मुंगी गेल्यावर ती कधी कधी खाली बसते आणि बराच वेळ उठत नाही. आईशी ती फोनवर बोलते, हवापाण्याचं, डोळ्यांच्या थेंबांचं. मागच्या महिन्यात तिनं बटणबरोबर आईला डबाभर बिस्किटं पाठवली. बटण सांगत होती, आईनं तो डबा दिवसभर मशीनवर ठेवला होता आणि संध्याकाळी उभ्यानं एक खाल्लं. माफीची चिठ्ठी डब्यात नव्हती. ती कधी येईल का, मला माहीत नाही.

तेव्हा मित्रांनो, स्वयंपाकघरात आलात तर माझ्यासारख्यांचा दांडा आत वळवून ठेवा, हे तर आहेच. पण माझी खरी विनवणी तुमच्या घरातल्या मोठ्यांनाही आहे. हातून चूक झाली, तर ती त्याच संध्याकाळी सांगून टाका. आम्ही भांडीकुंडी सगळं पाहत असतो. पण आम्हाला साक्ष देता येत नाही. ती तुम्हालाच द्यावी लागते.